सायीची परीक्षा

चहावर साय धरायला चार मिनिटं लागतात. यंत्रसेविका पाचव्या मिनिटाला ती अलगद काढून टाकायची. बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या त्या निवासात यंत्रं पास की नापास, हे तिथे राहणारेच ठरवत. पण तिच्या परीक्षक, तिथल्याच रहिवासी मालनताई, तीन आठवडे नुसतं "उद्या सांगते" म्हणत होत्या.

"आज नाही सांगितलंत तर हिला परत नेतील हो," प्रशिक्षिका हेमलताबाई काकुळतीला आल्या. यंत्राला सगळं त्यांनीच शिकवलं होतं.

शिकवलेलं सोडून यंत्राने आज पहिल्यांदाच विचारलं, "मालनताई, साय काढू?"

"नको! आवडते मला. इतके दिवस माझी साय टाकलीस गं!"

हेमलताबाई ओशाळल्या. साय आवडत नसे ती त्यांना स्वतःला.

मालनताईंनी साय मटकावली, ओठ पुसले आणि निकाल दिला, "ही पास. बाई, तुमची फेरपरीक्षा!"