दुसरा घास

बिर्तुकानने इंजेराच्या मऊ भाकरीचा तुकडा कोंबडीच्या रश्श्यात बुडवला आणि देरेजेच्या पोटात जळजळ सुरू झाली. त्याने अजून एक घासही खाल्ला नव्हता.

मेजवानी तिच्यासाठी होती. शाळेतल्या पोरांच्या कोलेस्टेरॉलवरचा तिचा शोधनिबंध परदेशातल्या नियतकालिकात छापून आला होता. आता बालरोग विभागातली सहयोगी प्राध्यापकाची एकुलती एक जागा तिलाच मिळणार, हे भिंतींनाही कळलं होतं. त्याच जागेवर देरेजे कधीचा डोळा ठेवून होता.

आणि नियतकालिक म्हणजे तरी काय! पैसे भरा, पुढच्या आठवड्यात छापून घ्या. हे त्याला ठाऊक होतं, ताटाभोवती बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, तरी सगळे टाळ्या वाजवत होते. त्याला खुपत होत्या त्या टाळ्या. कॉलेजात दोघं एका बाकावर बसायची, तेव्हापासून त्या तिच्याच वाट्याला आल्या होत्या.

"बिर्तुकानने सरकारचं काम सोपं केलं," गाशे वोर्कू म्हणाले. ते विभागप्रमुख, वयाने आणि पोटाने सगळ्यांत मोठे, म्हणून सगळ्यांचे 'गाशे', म्हणजे थोरले. "आपली पोरं ठणठणीत आहेत म्हणे! शाळेच्या तपासणीतून कोलेस्टेरॉल काढून टाकायचं ठरतंय. उद्या माझी सही झाली की संपलं."

देरेजेला लेमलेम आठवली. अकरा वर्षांची पोर, त्याच्याकडे तपासायला आलेली. टाचांमागे साठलेल्या कोलेस्टेरॉलच्या पिवळट गाठी, आणि बाप पस्तिशीतच हृदय बंद पडून गेलेला. दुखणं रक्तातून चालत आलेलं. तिच्या धाकट्या भावंडांचं रक्त शाळेतच तपासलं जाणार होतं. क्षणभर त्याला त्या पोरांची खरोखर काळजी वाटली. मग यातून बिर्तुकानला पाडता येईल हे सुचलं, आणि काळजीला धार आली.

"बिर्तुकान, रक्त कधी घेतलंस गं?"

"सणाआधीच्या मोठ्या उपवासात. तेव्हा सोपं पडतं."

"आणि आयांना काय विचारलंस?"

"काय विचारणार? पोराचा त्सोम आहे ना? सगळ्या हो म्हणाल्या."

आमच्याकडे रिकाम्या पोटालाही त्सोम म्हणतात आणि उपवासालाही त्सोमच. देरेजे स्वतः याच खड्ड्यात पडला होता. त्यालाही आया अशाच हो म्हणाल्या होत्या. मग एका पोराच्या बाहीवर हरभऱ्याच्या पिठाचं कालवण सांडलेलं दिसलं. शिरो उपवासाला चालतो की, आई म्हणाली होती. त्या दिवशी त्याने सगळ्या नमुन्यांवर पाणी सोडलं होतं.

"म्हणजे पोरं सकाळी शिरो-इंजेरा चापून आली होती!" त्याचा आवाज चढला. "त्यात दोन महिने दूध नाही, लोणी नाही, मांस नाही. कोलेस्टेरॉल कमी दिसेल नाहीतर काय? गाशे, हीच पोरं आता सणानंतर तपासा. हा निबंध कुणी वाचला तरी का छापण्याआधी?"

सगळ्यांचे हात ताटावर थांबले. बिर्तुकानने मान खाली घातली. देरेजेला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मग गाशे वोर्कू खो खो हसू लागले.

"अरे लबाडा, तूच तर वाचलास!"

"मी?"

"आता कशाला लाजतोस? परीक्षकाचा अभिप्राय तिने निवड समितीला दाखवला. खाली तुझं नाव! 'असं काम या देशात आजवर झालेलं नाही, लेखिकेच्या सचोटीला तोड नाही.' खरं सांगू? आम्हाला वाटायचं, हा तिच्यावर जळतो. ते वाचलं आणि आमचीच आम्हाला लाज वाटली. पुढची जागा निघाली की पहिलं नाव तुझं, समितीत ठरलंय. आणि आज तिची फिरकी घेतोयस होय रे!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. या वेळी देरेजेसाठी.

त्याने असं काही लिहिलं नव्हतं. नियतकालिकाने परीक्षक सुचवा म्हटल्यावर हिने नाव त्याचं दिलं असणार, आणि त्या नावाचा ईमेलचा पत्ता स्वतःच काढलेला. ते शब्दही हिचेच. 'मी लिहिलं नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं, की पुन्हा तोच जळका देरेजे. त्याने बिर्तुकानकडे पाहिलं. ती घाबरली होती, पण नजर हटवत नव्हती.

"गाशे, तो अभिप्राय..." त्याने तोंड उघडलं.

बिर्तुकान उठलीच होती. अंड्याची फोड, वर लोण्याने चकाकणारा रस्सा, सगळं इंजेरात गुंडाळून तिने त्याच्या उघड्या तोंडात घास भरवला. तोंडाशी आलेला घास आमच्याकडे कुणी नाकारत नाही.

"खा रे," ती म्हणाली. "तुझे उपकार कसे फेडू?"

तो चावत राहिला. सगळे हसत बघत होते. एकच घास भरवून थांबलं तर भांडण होतं असं मानतात, दुसरा द्यावाच लागतो. बिर्तुकानने तो गुंडाळला. पण या वेळी तिने घाई केली नाही. हात त्याच्या तोंडासमोर धरला आणि थांबली.

देरेजेने गिळलं. तोंड आता रिकामं होतं. त्याला लेमलेमच्या टाचा आठवल्या. मग टाळ्या आठवल्या.

त्याने तोंड उघडलं आणि मान पुढे केली.