हात वर

"वकीलबाईंना ज्यांचं मत, त्यांनी हात वर करा," ग्रामसेवक म्हणाले.

तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षपदासाठी इंदुमतीबाई उभ्या होत्या. गावातल्या बायकांच्या केसेस त्या वीस वर्षं फुकट लढवत आल्या होत्या. विरोधात होते आबा. आबांच्या मारकुट्या मुलावर सून सुगंधानं केलेली केसही बाईंकडेच होती.

सुगंधाचा हात खांद्यापर्यंत आला. सासूनं नुसतं वळून पाहिलं. सुगंधानं त्याच हातानं पदर सावरला.

आबा निवडून आले. लगेच म्हणाले, "गावातले तंटे आता गावातच मिटवू. सूनबाई केस मागे घेतील. कबूल असेल त्यांनी हात वर करा."

पहिला हात सुगंधाचा वर गेला. बांगड्या खाली घसरल्या आणि इंदुमतीबाईंनी कोर्टात दाखवलेला चटक्याचा डाग सगळ्या गावाला दिसला.