जहाजाचा पोळा

फोन वाजला तेव्हा नवलचे दोन्ही हात मिरचीने माखलेले होते. अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या तो पालथ्या करत होता. शेजारची दगूबाई भिंतीला टेकून तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिने खाटेवरचा फोन उचलला, स्पीकर लावला आणि त्याच्या तोंडापुढे धरला.

"आबा, गोदीमा अपघात व्हयना." जहाजावरून त्याचा मुलगा हेमकांत बोलत होता.

नवल होता तिथेच बसला. "तुले काय व्हयनं?"

"मले काहीच नही. आमनं जहाज आजून बाहेरच उभं शे. गोदीमा दुसरं जहाज व्हतं. त्याले रंग देवाले दोरवर टांगेल पायना तुटना. तीन जन पडनात. एक गया."

दगूबाईने हातातली शेंग सुपात टाकली.

"गोदी बंद शे, आबा. चौकशी चालू शे. आमना नंबर गया. आते चार महिनानंतरनी तारीख. पुढल्या सफरीसन्या तिकिटा इकायेल शेत, म्हनीसन जहाज तसंच परत चालनं. अन् गोदीनं काम व्हवाशिवाय मले सुट्टी नही."

"म्हंजे मायना वरीसश्राद्धले तू नही?" नवलने विचारायच्या आधी दगूबाईनेच विचारलं.

"नही," हेमकांत म्हणाला.

हेमकांत सहलीच्या मोठ्या जहाजावर फिटर होता. जहाज गोदीत कधी जाणार हे कंपनीने दोन वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलं होतं. गोदी म्हणजे काय, ते त्याने आईला फोनवर समजावून सांगितलं होतं. जहाज पाण्याबाहेर घेतात, बुडाला चिकटलेलं खरवडतात, धुतात, रंगवतात, आणि तेवढे दिवस कामाला जुंपत नाहीत. भिकुबाईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असं सांग ना मंग, जहाजना पोया!"

त्या दिवसापासून घरात गोदी हा शब्दच राहिला नाही. जहाजाचा पोळा कधी, एवढंच ती विचारायची. पोळा आटोपला की पोरगा घरी येणार, हे तिने पक्कं धरलं होतं. सारंगखेड्याच्या जत्रेत तिने त्याच्यासाठी नवं मातीचं खापर घेतलं. त्याला खापरावरचीच पुरणपोळी लागायची, आणि जुनं खापर तडकलं होतं.

"येडी व्हयनी का?" नवल हसला होता. "त्याले येवाले साल बाकी शे, अन् खापर आतेच?"

"बैलना साज काय पोयाना दिन लेतस का?" ती म्हणाली होती. येताना एसटीत तिने ते खापर मांडीवरून खाली ठेवलं नाही. कंडक्टर म्हणाला, मावशी, याचंबी तिकीट काढा. तिने खरोखरच पदराची गाठ सोडायला घेतली होती.

दोन महिन्यांनी, माघात, ती गेली. जहाज तेव्हा भर समुद्रात होतं. हेमकांतने आईला शेवटचं पाहिलं ते फोनच्या काचेतून.

"आबा?" फोनमधून आवाज आला. "काही बोला ना."

नवलने मिरच्यांकडे पाहिलं. अर्ध्या पालथ्या झाल्या होत्या, अर्ध्या राहिल्या होत्या.

"जो गया तो कोन व्हता?"

"कोन जाने. गोदीना मानूस. रंगारी."

"नाव काय त्यानं?"

"मले काय माहीत, आबा. आम्हीन तर दूर उभा व्हतुत."

"इचारी ले."

"कशाले?"

"तुन्ही मायना श्राद्धमा एक पिंड त्यानाबी ठेवसु," नवल म्हणाला. "त्याना पोऱ्याबी कोठे तरी दूर कामवर व्हई."

हेमकांत म्हणाला, "इचारसु, आबा." आणि मग, "खापर शे ना?"

"शे. तुन्ही मायनी ठेयं तठेच शे."

फोन बंद झाला. दगूबाईने तो पदराला पुसून खाटेवर ठेवला.

"नवलभाऊ, खापर काढी दे," ती म्हणाली. "नवं शे, दोन दिन भिजाडनं पडी. श्राद्धले पुरनपोया तर करनाच पडतीन. पोऱ्या नही आना म्हनीसन खापर काय बशीच ऱ्हाई?"

नवल उठला. दोनदा साबण लावून त्याने हात धुतले आणि आत गेला. धान्याच्या कोठीवर खापर होतं, भिकुबाईच्या जुन्या हिरव्या लुगड्यात बांधलेलं. वर गाठ होती. तिची गाठ अशीच असायची, दुहेरी आणि टोक आत खोचलेलं. त्याने टोक चिमटीत धरलं. थोडा वेळ धरून ठेवलं. मग सोडून दिलं आणि बाहेर आला.

"काय व्हयनं?" दगूबाईने विचारलं.

"तवावरच कर."

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. तो मिरच्यांपाशी जाऊन बसला.

आठ दिवसांनी प्रकाशा गावी तापीच्या काठी श्राद्ध झालं. हेमकांतने नाव पाठवलं होतं. नवलने ते वहीच्या पानावर लिहून नेलं होतं. भटजींच्या जिभेवर ते परदेशी नाव बसेना, तेव्हा कागद हातात घेऊन नवलनेच ते सावकाश म्हटलं आणि दुसरा पिंड ठेवला. घरी पुरणपोळ्या तव्यावर झाल्या. दगूबाईने चांगल्या केल्या होत्या.

जहाजाला आता ज्येष्ठातली तारीख मिळाली आहे. खापर अजून भिजत घातलेलं नाही.