गवताखालचं दालन

आर्किटेक्टने मॉडेलवरचं कापड काढलं आणि देणगीदार बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काहीच कळेना.

टेबलावर जुनं वस्तुसंग्रहालय होतं, त्याचा घुमट होता, मागचा उतार आणि त्यावरची झाडं होती. नवं दालन मात्र शोधावं लागत होतं. वर्षभर खपून आर्किटेक्टने ते अख्खं उताराच्या पोटात घातलं होतं. एक झाड तुटत नव्हतं, घुमट कुठूनच झाकला जात नव्हता. दालनाला नाव बाईंच्या गेलेल्या मुलाचं. आज त्या नको म्हणाल्या की सगळंच बारगळणार. संग्रहालयाचे अध्यक्ष तर देव पाण्यात घालूनच बसले होते.

“जुन्या वास्तूचा मान राखलाय,” ती म्हणाली. “बाहेरून कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही, बाई. वर नुसतं गवत.”

बाईंनी त्या हिरव्या उतारावरून बोट फिरवलं. हळूच, पुन्हा एकदा. आवडलं बहुतेक! आर्किटेक्टचा जीव भांड्यात पडला.

“आत कुठून जायचं?”

“इथून. उतरून खाली.”

“खाली.” बाईंचं बोट थांबलं. “एकदा मातीखाली ठेवलंय मी त्याला. पुन्हा नाही ठेवणार.”

मग अध्यक्ष आर्किटेक्टच्या कानाशी कुजबुजले, “चढवा ना दोन-तीन मजले! घुमट काय पळून जातोय?”

तिला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. घुमटाची बाजू तिला तोंडपाठ होती. त्यातलं एक अक्षर या बाईंपुढे काढायची तिला लाज वाटली. पण मजले चढवायला हात धजेना. घुमट एकदा झाकला की झाकला.

तिने मॉडेलवरचं गवत नखाने उचकटलं. अध्यक्ष “अहो, अहो” करत राहिले.

“बाई, उंचीला केवढा होता तो?”

“का?”

“तेवढं जमिनीच्या वर काढते. घुमटाला त्याचा त्रास नाही. पण त्याहून वीटभरही जास्त नाही काढणार.”

बाईंनी उचकटलेल्या गवताकडे पाहिलं. मग उठल्या. पायातल्या चपला काढून भिंतीला पाठ लावून ताठ उभ्या राहिल्या, आणि हात डोक्याच्या वर आडवा धरला. क्षणभर थांबून तो आणखी बोटभर वर नेला.

“घ्या मोजून,” त्या म्हणाल्या.