दणकट टायर

"उतरा, उतरा! पुढे धोंडा आहे!" एटीव्ही थांबवून हेरंबरावांनी मागे बसलेल्या मला खाली ढकललं. आमचे मेहुणे गाडीमागून चालतच येत होते.

हेरंबराव म्हणजे माझे साडू. डोंगरात हुंदडायची ही चारचाकी घेतल्यावर टायर निवडायला त्यांनी अख्खा उन्हाळा घालवला. दगड असो, काटा असो, फाटणार नाहीत असे टायर शेवटी मिळाले आणि त्यांचं कौतुक सगळ्या सासुरवाडीला ऐकावं लागलं. म्हणून तर आज सहलीचं जेवण याच गाडीवर लादलं होतं. वर पठारावर सासऱ्यांसकट सगळे भाकरीची वाट बघत बसले होते.

"अहो, धोंड्यासाठीच घेतलेत ना हे टायर?" मी विचारलं.

"घेतलेत म्हणून काय रगडायचे? झिजतील ना! नव्या टायरवर असतात ते रबरी केससुद्धा अजून तसेच आहेत बघा. तुम्ही मागून धरा. मेहुणे, तुम्ही पुढून!"

धोंडा आला की उचला, चिखल आला की उचला. काट्यांवर तर हेरंबरावांनी स्वतःचा टॉवेल अंथरला. अशी गाडीची वरात काढत आम्ही वर पोचलो, तोवर भाकऱ्या वातड झाल्या होत्या आणि पिठल्याची वडी पडली होती.

हेरंबरावांनी टायरवरून प्रेमाने हात फिरवला. "बघा अप्पा, एक ओरखडा नाही!"

भुकेने कावलेल्या सासऱ्यांनी आमचे सोललेले हात बघितले. "जावईबापू, पुढच्या वेळी टायर काढूनच आणा. उचलायला तेवढीच हलकी पडेल."