पुरचुंडी

"काय खायला घातलंत माझ्या लेकराला?" इत्तोने नणंदेचा दंड घट्ट धरला. "वन्सं, खरं सांगा!"

"अल्लाशपथ, रोजचंच गं. जैतुनाच्या तेलात बुडवलेला पाव." हनिया रडकुंडीला आली होती.

इस्पितळात, बंद दाराआड, तिच्या लेकीचं, तूदाचं, पोट उघडलं होतं. चार वर्षांची पोर ती. डोंगरातून टॅक्सीने आणताना वाटभर हिरवं ओकत होती, पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगलेलं. "आतडं बंद झालंय. कशानं, ते आत गेल्यावरच कळेल. वाचेल असं मी म्हणत नाही," एवढं बोलून डॉक्टर आत गेले होते.

नवरा वारल्यावर इत्तो लेकीला नणंदेच्या ओटीत घालून स्पेनच्या मळ्यात स्ट्रॉबेरी खुडायला गेली होती. विंचरताना गळलेले केस ती कधी टाकत नसे. बाईचे केस वैऱ्याच्या हाती लागले की करणी झालीच म्हणून समजा. मेंदीने तांबडे झालेले ते केस पुरचुंडीत बांधून तिने भिंतीच्या फटीत खोचले होते. निघताना, तूदाला कडेवर घेऊन, तिने ती फट हनियाला दाखवली आणि जपायला बजावलं. आज परतून पाहते तर पोर तळमळत पडलेली आणि फटीत नुसतं फडकं. आणखी काय पुरावा हवा होता?

"माझे केस विकलेत तुम्ही चेटकिणीला! माझ्यावर करणी करायला गेलात, ती पोरीला बाधली!"

"वहिनी, मी त्या फटीला हात लावला असेल तर तो झडून जाईल."

दार उघडलं. "वाचली," डॉक्टर म्हणाले. त्यांनी थाळी पुढे केली. तिच्यात केसांचा ओला, घट्ट गोळा होता. एक लांब केस बाहेर लोंबत होता. तांबडा.

इत्तोला मान वर करवेना.

तूदाने डोळे उघडले, तेव्हा आई आणि आत्या दोघी उशाशी होत्या. इत्तो रडतच म्हणाली, "का खाल्लेस गं बये ते केस?"

तूदाने सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. तिचा आवाज जेमतेम फुटत होता.

"कुणाच्या हाती लागू द्यायचे नाहीत, तूच म्हणालीस ना? मी नाही लागू दिले."