डबीतली शाळा

बाईंनी फरशीवर खडूनं दोन रिंगणं काढली. एकात तीन चिंचोके ठेवले, दुसऱ्यात चार. "आता सगळे एकत्र कर आणि सांग बघू, किती झाले?"

"सहा," कार्तिकी म्हणाली.

"नीट मोज गं."

"मोजलं की, बाई. ह्यो सोहम हाय. त्याला ताप आलाय, आज त्यो गैरहजर." आणि तिनं एक चिंचोका अलगद बाजूला सरकवला.

वर्षभरात सात पोरं एकेक करून तालुक्याच्या शाळेत गेली होती. उरली होती ही एकटी. पूर्वी याच रिंगणांत पोरं उड्या मारायची आणि त्या गलक्यातच बेरीज होऊन जायची. आता त्या सातांना हिनं चिंचोक्यांत बसवलं होतं.

"मग यात तू कुठली गं?"

"मी कशाला? मी हाय की हितं!"

शनिवारी तिचे वडील येऊन तिचाही दाखला घेऊन गेले. जाताना तिनं चिंचोक्यांची डबी बाईंच्या हातात दिली. "सोहम बरा झालाय," एवढं आठवणीनं सांगितलं.

शाळा बंद करायचा कागद अजून आला नव्हता, म्हणून सोमवारी बाईंनी कुलूप काढलं. सवयीनं घंटा दिली, सवयीनंच रिंगणं काढली. मग रिकाम्या वर्गात डबी उपडी करून चिंचोके मोजले. पुन्हा मोजले, नीट मोजले.

आठ होते.